मोतीबिंदू परत येत नाही
(आरोग्य शिबिरात संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जळगाव-धुळे भागात डोळे तपासायला बसले की एक वाक्य हमखास कानावर येते. "डोयाले दिसत नही, मोतीबिंदू परत उना." सांगणारे माणूस साठी-सत्तरीतले असते. दोन-तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन भिंग बसवलेले असते. पहिले वर्ष छान दिसलेले असते. मग हळूहळू दादर निवडताना खडा दिसेनासा होतो. एस.टी.वरची पाटी रावेरची की यावलची, हे शेजारच्याला विचारावे लागते. संध्याकाळी समोरून मोटार आली की दिव्याभोवती फुलोरा पसरतो आणि रस्ताच नाहीसा होतो. घरचे म्हणतात, ऑपरेशन बिघडले. शेजारी म्हणतात, फुकटच्या शिबिरात असेच व्हायचे. आणि ते म्हातारे माणूस म्हणते, आता वय झाले, पुन्हा कापाकापी नको. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. परंतु तिन्ही मिळून त्या माणसाला ओट्यावर बसवून ठेवतात, आणि जे दहा मिनिटांत दूर होण्यासारखे असते त्यापायी उरलेले आयुष्य अर्ध्या उजेडात जाते.

म्हणून आज आम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर बोलणार नाही. ते बहुतेकांना माहीत आहे. ऑपरेशननंतर पुन्हा येणारा धुरकटपणा, त्यावरचा लेझर आणि लेझरनंतर डोळ्यात होणारे बदल, एवढाच विषय घेतला आहे.

प्रथम डोळ्यात काय घडते ते पाहू. आपल्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग एका अत्यंत पातळ पारदर्शक पिशवीत असते. द्राक्ष डोळ्यांपुढे आणा. गर म्हणजे भिंग, साल म्हणजे पिशवी. वयानुसार हा गर गढूळ होतो, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. डॉक्टर पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल खिडकी पाडतात, गढूळ गर काढून घेतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. पिशवीची मागची बाजू मुद्दाम शाबूत ठेवलेली असते, कारण तिच्याच आधाराने भिंग जागेवर राहते. ही मागची बाजू किती पातळ? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार भाग, इतकीच.

आता ऑपरेशन कितीही कसबी हाताने झाले तरी पिशवीच्या कडेला भिंगाच्या काही पेशी चिकटून राहतात. त्या जिवंत असतात, वाढतात आणि हळूहळू मागच्या बाजूवर सरकत येतात. कुठे त्यांचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक दाणे जमतात, कुठे पिशवीला सुरकुत्या पडतात. पारदर्शक काच होती तिथे घासलेली काच होते. डॉक्टर आपल्या भाषेत सांगतात, "भिंगामागे जाळी आली." म्हणजे मोतीबिंदू परत आलेला नसतो. जो गर काढून टाकला तो परत येऊच शकत नाही. ऑपरेशन बिघडलेले नसते, भिंग हलक्या प्रतीचे होते असेही यावरून ठरत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून १९९८ साली काढलेल्या हिशेबानुसार अशी जाळी एका वर्षात शेकडा सुमारे १२, तीन वर्षांत सुमारे २१ आणि पाच वर्षांत सुमारे २८ डोळ्यांना आली होती. पुढे भिंगांची कड धारदार करण्यात आली, त्यामुळे पेशींची वाट अडते आणि हे प्रमाण पुष्कळ उतरले. तरीही ते शून्य झालेले नाही. लहान मुलांचे मोतीबिंदू काढले तर जाळी जवळजवळ ठरलेलीच असते, म्हणून त्यांच्या ऑपरेशनमध्येच तिची वेगळी तजवीज करतात.

मग आपल्या जुन्या माणसांना ही गोष्ट ठाऊक कशी नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. आमच्या पिढीने पाहिलेली शिबिरे आठवा. शाळेच्या वर्गात रांगेने खाटा, डोळ्यांवर पट्ट्या, आणि घरी येताना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्या काळच्या पद्धतीत गर आणि पिशवी दोन्ही एकदमच बाहेर काढत असत. पिशवीच उरली नाही, तर जाळी येणार कोठे? भिंग बसवण्याची कल्पना तशी जुनी आहे. लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली पहिले भिंग बसवले. युद्धात विमानचालकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी हेरले होते. पण ते भिंग गरिबाच्या डोळ्यापर्यंत यायला चाळीस-पन्नास वर्षे लागली. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाला १९९४ च्या सुमारास जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. त्यानंतरच खेड्यातल्या माणसाला जाड चष्म्याऐवजी भिंग मिळू लागले. दृष्टी कितीतरी चांगली मिळाली, आणि तिच्याबरोबर जाळीही आली. आजोबांच्या आठवणीत नसलेला हा प्रश्न आहे. तेव्हा "आमच्या वेळी असे नव्हते" असे कोणी म्हणाले तर ते खोटे बोलत नाहीत.

येथे एका शब्दाबद्दल थांबावे लागेल, कारण या शब्दापायी डोळे गेलेले आम्ही पाहिले आहेत. तो शब्द म्हणजे पडदा. आपल्या बोलीत भिंगामागच्या पिशवीलाही पडदा म्हणतात आणि डोळ्याच्या तळाशी जिथे प्रतिमा उमटते त्या नेत्रपटलालाही पडदाच म्हणतात. दोन्ही पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. शिंदखेड्याकडचे एक बाबा लेझरच्या टेबलापर्यंत आले आणि उठून गेले. "पडद्याला भोक पाडतात" असे कोणाकडून तरी त्यांच्या कानी पडले होते, आणि पडदा फाटला की माणूस आंधळे होते हेही त्यांनी ऐकले होते. ऐकलेले दोन्ही खरे, पण पडदे दोन! उलट दुसरे एक गृहस्थ, त्यांचा खरोखरचा पडदा, म्हणजे नेत्रपटल, सुटू लागले होते. त्यांना वाटले, शेजाऱ्यासारखी जाळी आली असेल, कापूस विकला की सावकाश लेझर करू. महिनाभराने आले, तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही पुढच्याला पिशवी आणि मागच्यालाच पडदा म्हणू. तुम्हीही घरी हाच भेद ठेवा.

आता लेझरकडे वळू. जाळी काढायला पूर्वी सुई किंवा पाते डोळ्यात घालावे लागे. १९८० च्या सुमारास पॅरिसमध्ये डॉ. डॅनिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फ्रान्झ फंकहाउझर यांनी डोळा न उघडता हेच काम याग नावाच्या लेझरने करून दाखवले. या लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, नेम धरण्यासाठी सोबत एक तांबडा ठिपका असतो. तो जाळत नाही. सेकंदाच्या काही अब्जांश भागात एका सूक्ष्म बिंदूवर इतकी शक्ती एकवटते की तिथे बारीक ठिणगी होऊन पिशवी त्या जागी फाटते. असे थोडे थोडे करून मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी पाडली जाते. आधी बाहुली मोठी करण्याचे आणि डोळा बधिर करण्याचे थेंब घालतात. रोगी तपासणीच्या यंत्रासारख्याच यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो. टिक टिक असा आवाज येतो. सुई नाही, टाका नाही, पट्टी नाही, भरती होणे नाही. काम पाच-दहा मिनिटांचे. मोठ्या माणसात ही खिडकी एकदा पडली की सहसा पुन्हा बुजत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. याग लेझरने मोतीबिंदू निघत नाही. पुष्कळजण विचारतात, "मग पहिल्यांदाच लेझर का नाही केला?" पहिल्यांदा गर काढायचा होता, तो शस्त्रक्रियेनेच निघतो. शिवाय 'लेझर मारला' म्हणजे कोणता, हेही विचारावे. मधुमेहात पडद्यावर मारतात तो वेगळा, काचबिंदूत बुबुळाला छिद्र पाडतात ते वेगळे काम, चष्म्याचा नंबर घालवतात तो आणखी वेगळा. म्हणून कागद जपून ठेवा.

लेझर झाला, आता पुढे काय? पहिले काही तास दिसणे धूसरच असते. बाहुली थेंबांनी मोठी झालेली असते, उजेड खुपतो, आणि आपल्याकडचे वैशाखातले ऊन तर विचारूच नका. टोपी, उपरणे किंवा काळा चष्मा आणि सोबत एक माणूस हवे. त्या दिवशी मोटारसायकल चालवत येऊ नये. डोळ्यातला दाब लेझरनंतर पहिल्या काही तासांत वाढू शकतो, म्हणून दाब कमी करणारा थेंब घालतात आणि तास-दोन तासांनी दाब मोजतात. इथेच आपली माणसे चुकतात. चोपड्याची, साक्रीची शेवटची गाडी गाठायची म्हणून दाब न मोजताच निघून जातात. लेझरला सकाळीच जावे आणि दाब मोजल्याशिवाय उठू नये. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी ते आधीच सांगावे. घरी गेल्यावर डोळा ठणकू लागला, डोके दुखून उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न पाहता परत न्यावे.

बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच फरक कळतो. रंग उजळ दिसतात, पांढरे कापड पांढरे दिसते. एका आजींनी पहिल्यांदा सुनेला विचारले, भिंतीला चुना कधी दिला? डोळ्यात थोडी सूज येऊ नये म्हणून आठवडाभर थेंब देतात. ते पूर्ण घालावे. बाकी पथ्य काही नाही. डोक्यावरून पाणी घ्यावे, स्वयंपाक करावा, वांग्याचे भरीत खावे. जखमच नाही तर चिघळणार काय? उन्हाळ्यात करू नये, हिवाळ्यातच करावे, हाही जुन्या शिबिरांचा शिल्लक राहिलेला समज आहे.

मग ठिपके. फाटलेल्या पिशवीचे कण डोळ्यातल्या पाण्यासारख्या भागात तरंगतात, त्यांच्या सावल्या माश्यांसारख्या किंवा केसासारख्या दिसतात. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहिले की जास्त जाणवतात. नजर फिरवली की मागोमाग फिरतात. चार-दोन असे ठिपके काही आठवड्यांत खाली बसतात. त्यांना घाबरण्याचे कारण नाही.

परंतु ठिपक्यांचे दुसरे एक रूप आहे आणि ते ओळखता आले नाही तर डोळा जातो. अचानक एखाद्या दिवशी काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे होते. कोपऱ्यात, डोळे मिटले तरी, वीज चमकल्यासारखा उजेड होतो. किंवा एका बाजूने, खालून वा वरून, सावलीचा पदर सरकत येतो. हा पडदा, म्हणजे नेत्रपटल, फाटल्याचा किंवा सुटत असल्याचा इशारा असू शकतो. बहुतेक अभ्यासांत लेझरनंतरचे याचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आतच आहे, आणि त्यातले काही मूळ ऑपरेशनमुळेच झाले असते. जवळच्या वस्तू दिसून लांबचे न दिसणारा मोठा नंबर ज्यांना पूर्वीपासून होता, त्यांना धोका अधिक. तो आठवड्यातच येतो असे नाही. महिन्यांनी, वर्षानेही येतो, तेव्हा लेझर विसरलाही गेलेला असतो. आणि दुखत नाही! दुखत नाही म्हणूनच माणूस थांबते. पडद्याच्या मध्यापर्यंत सुटण्याआधी ऑपरेशन झाले तर नजर पुष्कळ वाचते. त्यानंतर झाले तर पडदा चिकटतो, पण गेलेली नजर पूर्ण येत नाही. हे ऑपरेशन प्रत्येक तालुक्याला होत नाही, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागू शकते. म्हणून ज्या दिवशी पदर दिसला त्याच दिवशी निघायचे. लग्न, पोळा, कापूस, काही आडवे येऊ द्यायचे नाही.

तिसरा बदल याहून सावकाश येतो. काही आठवड्यांनी मधलेच अंधुक दिसते, खिडकीचे सरळ गज वाकडे दिसतात. पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आलेली असू शकते. लवकर दाखवल्यास ती बहुधा थेंबांनी उतरते. भिंगावर लेझरचे एखाद-दोन बारीक डाग राहतात, त्यांनी सहसा दिसण्यात अडथळा येत नाही. रात्री दिव्याभोवती किरण दिसत राहिले तर डॉक्टरांना सांगावे, कधी खिडकी लहान पडलेली असते. चष्म्याचा नंबर थोडा बदलू शकतो, तो डोळा स्थिर झाल्यावर, साधारण महिन्याने, तपासावा. आणि जाळी असताना बाजारात जाऊन चष्म्यामागून चष्मे बदलू नयेत. घासलेल्या काचेपुढे दुसरी काच लावून काय होणार? आपल्या माणसांचे या भानगडीत पैसे जातात, याची आम्हाला चीड येते.

लेझर करूनही काहींना दिसत नाही. इथे लोक पुन्हा लेझरलाच दोष देतात. पिशवी म्हणजे खिडकीची काच, ती साफ केली तरी आतली भिंत पडकी असेल तर काय दिसणार? मधुमेहाने पडदा खराब झालेला असेल, काचबिंदूने नस वाळली असेल, तर जाळी काढून तेवढीच नजर मिळते जेवढी मागे शिल्लक आहे. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावत गेली होती, हे आपण चरित्रांत वाचतो. आपल्या वस्त्यांत आज मधुमेह घरोघरी आहे. म्हणून लेझरच्या आधी पडदा तपासून घेण्याचा आग्रह धरा. जाळी थोडी असेल आणि कामात अडचण नसेल तर डॉक्टर थांबायला सांगतात, तेही योग्यच. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसापासूनच ज्याला नीट दिसले नाही, त्याने तर लेझरची घाई मुळीच करू नये. आधी कारण शोधावे, कारण खिडकी पाडल्यावर भिंग बदलणे अवघड होते.

धम्मपदाच्या पहिल्याच गाथेशी जोडलेली चक्खुपाल थेरांची कथा आपण वर्षावासात ऐकतो. थेरांनी तीन महिने आडवे न होण्याचे व्रत घेतले होते. वैद्याने औषध दिले आणि पडून घ्यायला सांगितले. थेरांनी ते बसूनच घेतले. वैद्याने पुन्हा पुन्हा विचारले, बसून घेतले की पडून? डोळे गेले. थेरांच्या व्रतापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण घरी थेंबांची बाटली कोनाड्यात तशीच ठेवणाऱ्या आपल्या काका-काकूंनी असे कोणतेही व्रत घेतलेले नसते! याच कथेत अट्ठकथेने मागच्या जन्मीचे पापही जोडले आहे. ते ऐकून काहीजण म्हणतात, अंधत्व हे कर्माचे फळ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. गेल्या जन्मीच्या पापाचे फळ असते, तर ते एका ऑपरेशनने कसे मिटले असते?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे एक काम आहे. घरी ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे सहा पावलांवर उभे करा. एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, म्हणून एकेक तपासा. त्यांचे डिस्चार्ज कार्ड शोधा, कोणत्या डोळ्याचे, कोणत्या साली, भिंगाचा नंबर काय, ते वहीत उतरवा. ते पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली सापडेल. फरक दिसला तर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्र विभागात न्या. तेथून पुढे धुळ्याचे किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर एखादे धर्मादाय नेत्रालय गाठता येते. निघण्यापूर्वी याग लेझर कोणत्या वारी असतो ते फोन करून विचारा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाची खेप वाया जात नाही.

ज्यांनी आपली कार्डे आज सोबत आणली आहेत त्यांनी डाव्या हाताच्या टेबलाशी यावे. ज्यांना ठिपके किंवा चमक दिसते त्यांनी रांगेत न थांबता सरळ पुढे यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.